घंटेचा बोल्ट

आमच्या शाळेला घंटा नाही.
दिवाळे गावच्या जेट्टीवरून कुणी आणून दिलेलं
होडीच्या पंख्याचं एक पातं आहे,
व्हरांड्याच्या कडीला नायलॉनच्या दोरीनं टांगलेलं,
आणि ते वाजवायला वीतभर बोल्ट.

मुलं त्रेपन्न, वर्ग सात, खोल्या तीन,
शिकवणाऱ्या आम्ही दोघी.
बोल्ट सातवीचा.
निकालाच्या दिवशी जुना हात तो नव्या हातात देतो,
नवा हात उन्हाळाभर घरी सांभाळतो, तेल लावतो
(हर्षल नाखव्यानं तर देव्हाऱ्यात ठेवला होता)
आणि जूनमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन
पहिला टोला देतो.

त्या वर्षी बोल्ट जमना राठोडकडे गेला.
बाप सेंट्रिंगच्या कामावर, घर पत्र्याचं, हायवेपलीकडे.
जरा कुजबुज झाली. बोल्ट गावातच राहतो ना, बाई?
मी हजेरी मांडत बसले.
जूनच्या पंधरा तारखेला शाळा सातची
आणि ही साडेसहाला पात्याखाली उभी,
दोन वर्षं पुरेल अशा गणवेशाच्या
बाह्या दुमडून.

मग नेहमीसारखंच सगळं.
नारळी पौर्णिमेला अर्धी शाळा होड्यांवर.
त्या दिवशी हजेरीत काय लिहायचं
हे आम्ही दरवर्षी नव्यानं ठरवतो.
भोंडल्याचा हत्ती फळ्यावर, सोंड दरवेळी डावीकडे,
खिरापत ओळखताना मागून कुणीतरी
"जवळा!" म्हणणारच,
आणि पोरी हसून हसून फेर मोडणारच.
दसऱ्याला पाटीवर एक-एक-एक जोडून सरस्वती.
जमनाची सरस्वती जरा वाकडी होती,
बसायला निघालेली असावी तशी.

दिवाळीनंतर तिची जागा रिकामी.
खाडीपलीकडे उलव्याला टॉवर चढत होता,
बिऱ्हाड तिकडे गेलं.
बोल्टही.

त्या सकाळी सात वाजून गेले, पातं गप्प,
मुलं गेटपाशी, आत यावं की नाही कळेना.
तेव्हा खिचडी शिजवणाऱ्या छबूबाई
हातातली पळी घेऊनच बाहेर आल्या
आणि चार टोले दिले.
आवाज पातळ आला, तापातल्या माणसानं
पाणी मागावं तसा.
पण शाळा भरली.

रोहित पक्षी आले, चिखलात उभे राहिले.
लेझीम झाली, आठ लेझमी, सोळा पोरं, पाळीपाळीनं.
मी जमनाचं नाव कमी केलं नाही.
रोज पुकारायची, रोज कुणीतरी म्हणायचं,
"उलव्याला."
हजर नाही, गैरहजर नाही, उलव्याला.

जानेवारी संपता संपता एक मिक्सरवाला
गेटाशी गाडी उभी करून आत आला.
जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला बोल्ट,
तेल लावलेला,
आणि वहीचं एक पान:
दशांश अपूर्णांकांची बारा उदाहरणं,
जिथं आम्ही थांबलो होतो तिथून पुढची.
सातवं चुकलं होतं.
मी लाल पेनानं दुरुस्त केलं, सही केली, तारीख घातली.
पान अजून माझ्या पर्समध्ये आहे.
मिक्सरवाला पुन्हा कधी या बाजूला आला नाही.

एप्रिलमध्ये प्रश्न आला.
द्यायचा कुणी? देणारा हातच नाही.
मुलांनी मला विचारलंही नाही,
छबूबाईंना बोलावून आणलं.
त्यांनी पदराला हात पुसले,
बोल्ट दिला,
मग थोडं थांबून पळीही देऊन टाकली,
म्हणाल्या, "हीसुद्धा वाजलीय आता, डाळीत कशी घालू?"

ह्याला चार वर्षं झाली.
आता शाळा भरते बोल्टानं, सुटते पळीनं.
परवा पहिलीतल्या एकानं विचारलं, असं का?
तिसरीतल्या निधीनं त्याच्याकडे
फार मोठ्या माणसासारखं बघितलं.
"अरे, पहिल्यापासून असंच असतं,"
ती म्हणाली,
आणि त्याला रांगेत नीट उभं केलं.